डिजिटल पाळीव प्राण्यांचं स्मार्ट काँट्रॅक्ट कसं लिहायचं

२०१७ च्या नोव्हेंबरअखेर इथेरियम या ब्लॉकचेनवर (अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या सामायिक नोंदवहीवर) क्रिप्टोकिटीज हा मांजरं पाळण्याचा खेळ सुरू झाला आणि डिसेंबरात त्याच्या व्यवहारांच्या गर्दीने अख्खं नेटवर्क तुंबलं. त्या खेळाचं मुख्य काँट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम, आजही कोणालाही उघडून वाचता येतं, आणि ते जरूर वाचावं. असं काँट्रॅक्ट स्वतः लिहायला बसलं की मालकी आणि विक्री फार छळत नाहीत, त्यांच्यासाठी पारखलेला कोड तयार मिळतो. खरी कसोटी लागते ती पिल्लाच्या जन्माच्या वेळी. म्हणून इथे सर्वांत जास्त जागा जन्मालाच दिली आहे. सॉलिडिटीची, म्हणजे ही काँट्रॅक्टं ज्या भाषेत लिहितात तिची, तोंडओळख तुम्हाला आहे असं धरून चालतो.

पायरी १ : प्राण्याची नोंद आखा

साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, प्राण्याचं चित्र नसतं. तिथे असतो एक क्रमांक आणि त्या क्रमांकापुढची नोंद. ती नोंद जितकी आटोपशीर, तितका प्रत्येक जन्म स्वस्त. इथेरियमचा स्टोरेज २५६ बिटांच्या खणांचा असतो आणि रिकाम्या खणात पहिल्यांदा काही लिहायचं तर २०,००० हून अधिक गॅस (व्यवहाराचा खर्च मोजायचं एकक) जातो. क्रिप्टोकिटीजने एक अख्खं मांजर दोन खणांत बसवलं आहे. पहिल्या खणात २५६ बिटांची जनुकं. दुसऱ्यात जन्मवेळ ६४ बिट, विणीनंतरची विश्रांती संपण्याचा ब्लॉक (साखळीत जोडला जाणारा व्यवहारांचा गठ्ठा) ६४, आई ३२, बाप ३२, सध्या कोणापासून गाभण आहे ते ३२, विश्रांतीची पातळी १६ आणि पिढी १६. बेरीज करून पाहा, बरोबर २५६ भरते. आईबापांच्या क्रमांकाला ३२ बिट म्हणजे सुमारे ४२९ कोटी प्राण्यांची सोय झाली, त्याहून मोठी संख्या ठेवणं निव्वळ उधळपट्टी.

शून्य क्रमांक कोणत्याही खऱ्या प्राण्याला देऊ नका. सॉलिडिटीत काहीच लिहिलेलं नसेल तर शून्य वाचलं जातं, त्यामुळे ‘आई शून्य’ याचा अर्थ ‘आईबाप नाहीत’ एवढाच राहिला पाहिजे.

पायरी २ : मालकी

इथे स्वतःची हुशारी दाखवू नये. एकमेवाद्वितीय वस्तूंच्या मालकीसाठी ईआरसी-७२१ हे प्रमाण आहे. ओपनझेपलिन या खुल्या कोडसंग्रहातला तयार कोड घ्या आणि आपलं काँट्रॅक्ट त्याच्यावर उभं करा. प्रमाण पाळलं की ते प्रमाण जाणणाऱ्या कोणत्याही वॉलेटला (डिजिटल पाकिटाला) तुमचा प्राणी ओळखता येतो.

पायरी ३ : आधी पुरवठ्याची मर्यादा, मग पहिला प्राणी

आईबापांविना जन्मणाऱ्या, म्हणजे शून्याव्या पिढीच्या प्राण्यांची कमाल संख्या काँट्रॅक्टमध्ये स्थिरांक म्हणून कोरून टाका. क्रिप्टोकिटीजने ती ५०,००० ठेवली होती : ५,००० प्रचारासाठी, ४५,००० लिलावासाठी. ही संख्या मागाहून बदलण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवलात तर दुर्मीळपणा तुमच्या मर्जीवर टांगलेला राहतो. संग्राहकाच्या दृष्टीने ही सर्वांत मोठी फसवणूक आहे, मग तुमचा हेतू कितीही शुद्ध असो.

पायरी ४ : जोडी जमवण्याचे नियम

नियम साधे आहेत. दोघांची विश्रांती संपलेली असावी, मादी आपल्या मालकीची असावी, नर दुसऱ्याचा असेल तर त्या मालकाची परवानगी आधीच नोंदलेली असावी. स्वतःशी, आईबापांशी आणि भावंडांशी जोडी नाही. भावंडं ओळखताना एक चूक हमखास होते. शून्याव्या पिढीतल्या सगळ्यांचे आईबाप शून्यच, त्यामुळे नुसती तुलना केली तर ती सगळी एकमेकांची भावंडं ठरतात आणि खेळ पहिल्याच दिवशी अडतो. भावंडांची तुलना करण्याआधी आईबाप शून्य आहेत का ते पाहा आणि असतील तर जोडी मान्य करा.

प्रत्येक विणीनंतर विश्रांती वाढत न्या. क्रिप्टोकिटीजमध्ये ती एका मिनिटापासून सात दिवसांपर्यंत चढत जाते. नव्या प्राण्यांचा पूर यामुळेच आटोक्यात राहतो.

पायरी ५ : जन्म

समजा, जोडी जमवली आणि त्याच व्यवहारात पिल्लू जन्माला घातलं. दिसायला सुटसुटीत. पण ब्लॉकचेनवर व्यवहार मध्येच मागे फिरवता येतो. एखादा चलाख खेळाडू स्वतःचं छोटं काँट्रॅक्ट लिहील, त्यातून तुमचं फंक्शन बोलावील, जन्मलेल्या पिल्लाची जनुकं वाचील आणि पसंत नसतील तर सगळा व्यवहार रद्द करील. त्याचा फक्त गॅस जाईल, आणि मनासारखं पिल्लू मिळेपर्यंत तो हेच करत राहील.

म्हणून जन्म दोन टप्प्यांत करा. पहिल्या व्यवहारात मादी गाभण होते आणि पुढचा एक ठरावीक ब्लॉक तिच्या नावावर लिहिला जातो. तो ब्लॉक अजून बनलेलाच नसतो, त्यामुळे त्याचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरातून निघणारी ठशासारखी संख्या, कोणालाच माहीत नसतो. तो ब्लॉक होऊन गेल्यावर दुसऱ्या व्यवहारात त्याच्या हॅशमधून जनुकं मिसळायची.

पण काँट्रॅक्टला फक्त मागच्या २५६ ब्लॉकांचेच हॅश वाचता येतात. दर ब्लॉकला १२ सेकंद धरले तर जेमतेम ५१ मिनिटं. त्यानंतर हॅश शून्य येतो. मुदत उलटली म्हणून नवा ब्लॉक नेमून दिलात, तर पिल्लू आवडणार नाही हे आधीच हिशोब करून ओळखलेला मालक नुसता गप्प बसून राहील आणि फासे पुन्हा टाकून घेईल.

यावर उपाय आहे सुईणीचा. जन्माचं फंक्शन कोणालाही बोलावता आलं पाहिजे आणि जो बोलावील त्याला जोडी जमवताना घेतलेलं शुल्क मिळालं पाहिजे. क्रिप्टोकिटीजने नेमकं हेच केलं, सुरुवातीचं शुल्क ०.००२ इथर (इथेरियमचं चलन) होतं. मालक गप्प बसला तरी शुल्कासाठी दुसरं कोणीतरी बाळंतपण उरकून टाकतं. तरीही कोणी फिरकलं नाही तर माझ्या मते गर्भ वाया गेला असं धरावं, शुल्क परत देऊ नये आणि विश्रांतीही तशीच लागू ठेवावी. कठोर वाटेल, पण टाळाटाळीत फायदा उरत नाही.

अजून एक फट राहते, आणि ती मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण ती सुरक्षिततेच्या नावाखाली येते. ओपनझेपलिनमध्ये नवं टोकन (मालकीची नोंद) घडवणारी मिंट आणि सेफमिंट अशी दोन फंक्शनं आहेत. सेफमिंट टोकन घडवल्यावर त्याच व्यवहारात घेणाऱ्या काँट्रॅक्टला विचारतं : हे घेणार का? मादीचा मालकच काँट्रॅक्ट असेल तर त्या क्षणी तो जनुकं वाचून नकार देऊ शकतो, आणि मग सुईणीचाही व्यवहार फसतो. जन्माच्या वेळी साधं मिंटच वापरा. मादी ज्याच्याकडे आहे त्याला टोकन सांभाळता येतं हे तिच्यावरूनच सिद्ध झालेलं असतं.

ब्लॉक बनवणाऱ्यालाही हॅशवर थोडाफार प्रभाव टाकता येतो. एकेका प्राण्याची किंमत फार चढणार असेल तर चेनलिंक व्हीआरएफसारख्या बाहेरच्या सेवेची पडताळता येणारी यादृच्छिकता घ्या.

पायरी ६ : जनुकं मिसळणं

हे वेगळ्या काँट्रॅक्टमध्ये ठेवा. क्रिप्टोकिटीजची जनुकं पाच-पाच बिटांच्या ४८ तुकड्यांत वाचली जातात. चार तुकड्यांचा एक गुण : एक दिसणारा, तीन दडलेले. दडलेला गुण काही पिढ्यांनी वर येऊ शकतो, तेव्हाच वंशावळ पाहण्यात गंमत वाटू लागते. त्यांनी मिसळण्याचा कोड आधी गुप्त ठेवला होता, तरी खेळाडूंनी तो उलगडलाच. साखळीवर गुपित राहत नाही हे धरूनच सूत्र आखा.

पायरी ७ : चाचणी आणि तैनाती

सेपोलिया या चाचणी नेटवर्कवर तीन पिढ्या वाढवून पाहा. मुद्दाम ३०० ब्लॉक उशिरा जन्म द्या. जनुकं पाहून नकार देणारं काँट्रॅक्ट स्वतः लिहा आणि आपल्याच खेळावर सोडा. ते हरलं की मुख्य साखळीवर चढवा, आणि पहिला प्राणी विकण्याआधी सोर्स कोड इथरस्कॅन या इथेरियमवरची काँट्रॅक्टं दाखवणाऱ्या संकेतस्थळावर पडताळून सर्वांसाठी खुला करा.