दोन नट, एक खोली आणि कासवछाप

पहिलं काम कुठलं धरावं असं नवीन मुलं विचारतात, तेव्हा माझं उत्तर ठरलेलं असतं. दोन नटांची, एकाच जागेत घडणारी रहस्यकथा मिळाली तर तिच्यात कंटिन्युइटी करा, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतंय ना याच्या नोंदी ठेवा. पैसे कमी आणि जागरण जास्त, पण सिनेमा कसा जोडला जातो ते एवढ्या जवळून दुसरीकडे दिसत नाही.

कॉलेजात आयएनटी स्पर्धेच्या एकांकिकांना मी प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तू, सांभाळायचे, तेवढंच भांडवल. माझा पहिला सिनेमा असाच होता: मुंबईतल्या मढचा जुना बंगला, पावसाळी रात्र, गेलेली वीज, आणि रात्री नऊ ते दोनमध्ये उरकणारी गोष्ट. शूटिंग १८ दिवसांचं. जागा एक, माणसं दोन, कपड्यांचा जोड एक; मला वाटलं, यात काय लिहून ठेवायचंय?

पण शूटिंग गोष्टीच्या क्रमाने होत नाही. खिडकीच्या बाजूचं लाइटिंग लागलं की त्या बाजूचे सगळे सीन आधी उरकतात, मग कॅमेरा फिरतो. सकाळी सीन ७, लगेच ३१, जेवणानंतर १९. कपडे तेच, त्यामुळे वेळ सांगणाऱ्या खुणा अगदी बारीक: मेणबत्तीची उंची, ग्लासातलं पाणी, दुमडलेली बाही. आमच्या टीपॉयवर तर डासांची कासवछाप जळत होती. बाहेरच्या टोकाकडून आत जळत जाणारी, म्हणजे घड्याळच. मी बाहेरचे वेढे मोडून सहा वेगवेगळ्या मापांच्या करून ठेवल्या, प्रत्येक डबीवर सीन नंबर. आणि नवव्या दिवशी घाईघाईत १९ ला ३१ ची लावली.

सेटवर कुणाच्या लक्षात आलं नाही. एडिटरने मात्र चित्र थांबवून विचारलं, "ही संपत आली होती, पुढच्या सीनला परत मोठी कशी? मधे कुणी येऊन नवी लावली का?" एरवी ही नुसती चूक ठरली असती. रहस्यपटात प्रेक्षक पुरावेच शोधत बसलेला असतो. त्याला तो तिसऱ्या माणसाचा माग वाटला असता. शेवटी शॉट मोठा करून टीपॉय फ्रेमबाहेर काढला. चित्र जरा फुटलंय. मला अजून दिसतं.

वस्तूंपेक्षा अवघड असतं ते कुणाला काय ठाऊक आहे याचं भान. चौथ्या दिवशी टेकच्या तोंडावर नटाने विचारलं, "अगं, कपाट रिकामं आहे हे मला आत्ता माहीत आहे ना?" मी पानं चाळत बसले, सगळं युनिट थांबलेलं. त्या रात्री वहीत प्रत्येक सीनपुढे तीन रकाने आखले: याला काय ठाऊक, त्याला काय ठाऊक, प्रेक्षकाला काय ठाऊक. कंटिन्युइटीची शीट भरणं कुणीही शिकवेल, हे रकाने तुमचे तुम्हीच आखायचे. नटाची कपाटाकडची नजर पहिल्यांदा बघताना सहज वाटली पाहिजे आणि शेवट कळल्यावर पुन्हा बघताना खोटी ठरता कामा नये.

नजरेवरून आठवलं. दोघं समोरासमोर बसले की त्यांच्यामधली काल्पनिक रेषा कॅमेऱ्याने ओलांडायची नाही, हे पुस्तकात असतंच. पण नट उठून खिडकीपाशी गेला की रेषाही हलते. प्रत्येक शॉटला कोण डावीकडे बघतोय, कोण उजवीकडे, हे बाणाने लिहा. इन्सर्ट, म्हणजे वस्तूंचे जवळून घेतलेले छोटे शॉट, मागून घ्या: हात, किल्ली, दाराची कडी. दोनच चेहरे असले की एडिटरला तेवढाच आसरा.

गुपित कागदावरूनच फुटतं. १९७२ च्या 'स्लूथ'मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए आणि मायकेल केन हे दोघेच, तरी गुपित राहावं म्हणून श्रेयनामावलीत अस्तित्वात नसलेल्या नटांची नावं घातली होती (पाहिला नसेल तर माफ करा). आमच्याकडे मीच कॉलशीटमध्ये, म्हणजे सगळ्या युनिटला वाटल्या जाणाऱ्या दिवसाच्या कामाच्या कागदात, प्रॉपर्टीच्या यादीत 'दुसरी किल्ली' लिहून मोकळी झाले. दुपारपर्यंत स्पॉटदादांनाही शेवट माहीत.

पैशांचं आधी लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. माझे चार दिवसांचे अजून यायचेत. आणि पावसाळ्यात वर्सोव्याच्या फेरीबोटीवर विसंबू नका. समुद्र खवळला की ती बंद, मग मालाडवरून वळसा, आणि कॉलटाइम तर सकाळी सातचा.