बर्डविंगसाठी ईश्वरीची वेल

राधानगरीत आमच्या परसाला लागूनच रान सुरू होतं. पावसानं उघडीप दिली की सकाळी सदर्न बर्डविंग हे फुलपाखरू दिसतं. पंख पसरले की १४ ते १९ सेंटिमीटर भरतात. पुढचे काळेभोर, मागचे हळदीसारखे पिवळे. हे फुलपाखरू मुख्यतः पश्चिम घाटातलंच.

त्याला नुसती फुलझाडं लावून भागत नाही. रस ते बऱ्याच फुलांवर पितं, पण अळीला ईश्वरीच्या कुळातलीच वनस्पती लागते. ईश्वरी म्हणजे सापसंद. मुळीसाठी लोक ती उपटून नेतात आणि बांधावर आता शोधून मिळत नाही, म्हणून ती लावायची.

आधी रोप नीट ओळखून घ्या. मला एका रोपवाटिकेतून ईश्वरी म्हणून बदकवेल दिली होती. दोन पावसाळे मी तिला जपलं. फूल तळहाताएवढं, चट्ट्याचट्ट्यांचं आलं तेव्हा कळलं की ही परदेशी. ऑस्ट्रेलियात तिथल्या बर्डविंगची मादी फसून या वेलीवर अंडी घालते आणि अळ्या पानं खाऊन मरतात. मी ती त्याच दिवशी मुळासकट काढली. आपल्या ईश्वरीचं फूल बोटाच्या पेराएवढं, पान लांबट असतं. बदकवेलीचं पान रुंद, मूत्रपिंडाच्या आकाराचं.

बी स्वतः धरलेलं बरं. फळ पिकलं की खालून उकलत नाही, देठाकडून उकलतं आणि छोट्या शिंक्यासारखं लोंबतं. आत चपट्या, पापुद्र्यासारख्या बिया असतात. वारा आला की गेल्या! म्हणून फळ पिवळट होताच त्याला मलमलची पिशवी बांधा. मृगाच्या पावसाला माती आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या पिशवीत बी टाका, वर मातीचा पातळ थर द्या.

पाचसहा तरी वेली लावा. मोठी अळी पानं संपली की कोवळं खोडही कुरतडते, एका वेलीवर दोन अळ्यांचं पोट भरत नाही. मुळाशी सावली आणि वर चढायला आधार हवा. कुंपणाची शेवरी चालते.

पानामागे मोहरीएवढं केशरी अंडं दिसलं तर हात लावू नका. अळी गडद तांबूस, अंगभर मांसल काटे, मध्ये एक फिकट तिरका पट्टा. ते बघून घरातली माणसं औषध मारायला धावतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. तंबाखूचं पाणीसुद्धा नको. वेलीचा काढाबिढाही कुणी करू नये, तिच्यातल्या विषानं मूत्रपिंडं निकामी होतात.

कोष करायला अळी बऱ्याचदा वेल सोडून शेजारच्या झुडपात जाते. एका दिवाळीला मी अडुळशाचं कुंपण छाटलं आणि छाटलेल्या ढिगात रेशमाच्या धाग्यानं बांधलेला कोष सापडला, चिरडलेला. तेव्हापासून पावसाळ्यानंतर वेलीभोवतीच्या दहा पावलांत मी कोयता चालवत नाही. छाटणी करायचीच झाली तर आधी एकेक फांदी उलटून बघते.