भीमगडच्या वटवाघळांवर माहितीपट करायचाय? मग गुहेबाहेर थांबा

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात असलेल्या भीमगड अभयारण्यात कॅमेरा घेऊन येणारा जो तो वाघ-बिबट्याच्या मागे लागतो. त्यापेक्षा तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहा धरा. रॉटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ १९१३ साली शास्त्राच्या नोंदीत आलं ते इथूनच, आणि पुढे कित्येक दशकं जगात त्याचं दुसरं ठिकाणच माहीत नव्हतं. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते वाघाच्या पंगतीला आहे.

परवान्यासाठी अर्ज बेंगळूरुला, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करा. तो कन्नडमध्ये लिहून घ्या. सूर्यास्तानंतर थांबायची मुभा त्यातच मागा, नाहीतर नेमकं चित्रीकरणाच्या वेळेला परतावं लागतं. वाट दाखवायला गावातलाच माणूस घ्या.

आता खरी कसोटी, अंधारातलं चित्रीकरण. यानेच मला सगळ्यात जास्त छळलं. "टॉर्चला लाल कागद लावा, आत जा, काही होत नाही" हा सल्ला सर्रास मिळतो. साफ चुकीचा आहे. माणसाच्या वावराने कळप बिथरतो, पिल्लं माद्यांच्या अंगावरून खाली पडतात, आणि पडलेलं पिल्लू बहुधा वाचत नाही. एवढ्याशा वस्तीत हे नुकसान भरून निघत नाही. आतलं एकही दृश्य त्या मोलाचं नाही.

गुहेच्या तोंडापासून लांब, बाजूला ट्रायपॉड लावा. त्यांची वाट अडवू नका. आयआर फिल्टर (इन्फ्रारेड प्रकाश अडवणारी आतली काच) काढलेला कॅमेरा आणि ९४० नॅनोमीटरचे, डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे घ्या. ८५० चे दिवे स्वस्त आणि प्रखर, पण त्यांचा मंद लाल ठिपका दिसतो. ऑटोफोकस बंद. फोकस उजेडात ठरवून ठेवलात तर रात्री चित्र हमखास धूसर येणार, कारण इन्फ्रारेडमध्ये तो सरकतो. अंधार पडला की त्याच दिव्यांत, गुहेच्या ओठावरच्या दगडाची खरखर मॉनिटरवर मोठी करून फोकस जुळवा आणि रिंगला टेप मारा. फ्रेम रुंद ठेवा. ती सुसाट निघतात, मागे कॅमेरा फिरवून काही हाती लागत नाही.

आवाजासाठी अल्ट्रासाउंड (माणसाच्या कानापलीकडचा उंच आवाज) टिपणारा मायक्रोफोन आणि १९२ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा रेकॉर्डर लागतो. दहापट संथ केलं की, समजा एखादी हाक ४० किलोहर्ट्झची असेल, तर ती ४ वर येते, कानाला ऐकू येते.

संकलनात गुहेकडची वाट ओळखू येईल असा प्रत्येक शॉट कापा, फाइलमधली जीपीएस नोंदही पुसा. निवेदन मराठीत करा, कन्नड उपशीर्षकं द्या आणि पहिला खेळ वाट दाखवणाऱ्याच्या गावात लावा.