नवरात्रात फ्लॉइड रोझची घोडी सुरात ठेवायची तर

फ्लॉइड रोझ म्हणजे दांड्याने हलवायची, तारा आवळून पकडणारी घोडी (ब्रिज). अशा घोडीची गिटार सुरातून उतरली की हात आधी खुंट्यांकडे जातो. दोष बहुधा तिथे नसतो. ही घोडी दोन खांबांवर नुसती टेकलेली असते. तारा तिला मानेकडे ओढतात आणि पाठीच्या कप्प्यातल्या स्प्रिंगा ती ओढ तोलून धरतात. ६४८ मिमी स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) नेहमीच्या सुरात ९-४२ च्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) सहा तारांची ओढ मिळून सुमारे ३८ किलो भरते, १०-४६ ची ४६ च्या आसपास. तारांचा संच बदललात तर हा ८ किलोंचा फरक स्प्रिंगांनाच पेलायचा आहे. म्हणून आधी स्प्रिंगा, मग सूर.

तारा एकेक करून बदला. सगळ्या एकदम काढायच्या असतील तर घोडीच्या मागच्या कडेखाली पुठ्ठ्याची जाड घडी सरकवा, म्हणजे ती खोबणीत कोसळणार नाही. नट (मानेच्या टोकाला तारा आवळून धरणारा भाग) उघडा ठेवा, फाइन ट्यूनर (घोडीवरचे बारीक सुराचे स्क्रू) मध्यावर आणा आणि खुंट्यांनी सूर लावा. एक तार चढवली की बाकीच्या उतरतात, त्यामुळे चार-पाच फेऱ्या होतातच. क्रम जाड ई, बारीक ई, ए, बी, डी, जी असा ठेवला तर फेऱ्या कमी लागतात. सूर जमल्यावर घोडीकडे बाजूने पाहा. मागची बाजू वर उचललेली असेल तर स्प्रिंगा कमी पडताहेत. त्या ज्या पट्टीत अडकवलेल्या असतात त्या क्लॉचे दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरा आवळा आणि पुन्हा सूर लावा. मागची बाजू खाली गेली असेल तर तेवढेच सैल करा. घोडीचा सपाट पाटा बॉडीला समांतर येईपर्यंत हेच चालू द्या. इथे घाई केली की पुढचं सगळं वाया जातं.

नंतर प्रत्येक तार बाराव्या फ्रेटपाशी बोटाने हलकेच वर ओढा आणि पुन्हा सूर लावा. ओढूनही ती उतरेनाशी झाली की ताणणं पुरे. मगच ३ मिमीच्या ॲलन कीने नट बंद करा, पण करकचून नको, आटे जातात. नट आवळताना सूर किंचित चढतो, तो फाइन ट्यूनरने खाली घ्या.

एवढं करूनही सूर हलत असेल तर दांडा खाली दाबून सोडा, मग वर ओढून सोडा. दाबल्यावर सगळ्या तारा उतरलेल्या आणि ओढल्यावर सगळ्या चढलेल्या राहत असतील, तर घोडीच्या पाट्याच्या, खांबांवर टेकणाऱ्या धारा तिथे अडकताहेत. तारा सैल करून तिथली घाण पुसा आणि पेट्रोलियम जेलीचा अगदी बारीक थेंब लावा. धार बोथट झाली असेल तर जेलीने भागत नाही, पाटाच बदलावा लागतो. तारांवर ताण असताना उंचीसाठी खांब कधीही फिरवू नका. धारा खराब होण्याचं ते मोठं कारण आहे. एकच तार हलत असेल तर ती सॅडलमध्ये (घोडीवर तार पकडणारा भाग) किंवा नटखाली घसरते आहे. तेवढीच पकड तपासा.

बडोद्याच्या गरब्यात गिटार तासन्‌तास उघड्या मैदानावर वाजते. एसी गाडीतून काढलेल्या गिटारचा सूर लगेच लावू नका: थंड तारा बाहेरच्या उष्म्यात आणि हाताच्या उबेने सैलावतात, सूर उतरतो. अर्धा तास केस उघडून मंचावर ठेवा, मग फक्त फाइन ट्यूनरने सूर लावा. पावसाळ्यात फुगलेली मान ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा हलते, म्हणून ट्रस रॉड (मानेतली सळई) आणि स्प्रिंगांचं काम पहिल्या माळेच्या दोन-तीन दिवस आधी उरका. घाम सॅडलच्या स्क्रूंना गंज चढवतो. रोज रात्री कोरड्या फडक्याने पुसा.

भर गरब्यात तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात, आणि तिथे सूर लावायला वेळ नसतो. ज्यांना दांडा फक्त खाली दाबायचा असतो त्यांनी कप्प्यात घोडीखालचा, स्प्रिंगा अडकलेला धातूचा ब्लॉक आणि त्याच्या मानेकडच्या भिंतीमध्ये लाकडाचा बरोबर मापाचा तुकडा बसवावा आणि ब्लॉक त्यावर घट्ट टेकेल इतक्या स्प्रिंगा आवळाव्यात. दांडा वर ओढता येणार नाही, पण तार तुटली तरी बाकीच्या सुरात राहतील, आणि एक तार बेंड करताना शेजारच्याही उतरणार नाहीत. तुकडा सागासारख्या कठीण लाकडाचा घ्या. मऊ लाकूड दाबलं जातं आणि चार दिवसांत फट पडते.