गारपिटीनंतर कॅराव्हॅनचं छत: आधी वाळवा, मगच बुजवा

तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात राहणाऱ्याला मार्च ते मे आभाळाकडं बघायला कुणी शिकवावं लागत नाही. द्राक्षबागेसाठी सगळे बघतातच. गाडीच्या छतासाठी मात्र कुणी बघत नाही, मीही बघितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधून घेतलेली आमची कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, दाजींच्या शेतात उघड्यावर उभी होती. संध्याकाळी वळीव आला आणि लिंबाएवढ्या गारा पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सिलिकॉनची नळी घेऊन वर चढलो, दिसेल ती चीर बुजवली आणि काम झालं असं समजून खाली उतरलो. जुलैत बिछान्यावरच्या छताला सहज बोट लावलं तर बोट आत गेलं. प्लाय काळं पडून भुगा झालेलं, वरचा फोम स्पंजासारखा ओला. बाहेरून पाइपनं पाणी मारून बघितलं, एक थेंब आत येत नव्हता. म्हणजे गारांच्या रात्री शिरलेलं पाणी मीच सकाळी आत कोंडलं होतं. पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तर एवढं लक्षात ठेवा: आधी वाळवा, मग बुजवा.

हंगामाआधीची तयारी थोडी आहे. गाडी शेडखाली लावा, शेड नसेल तर जाड घोंगडी किंवा जुन्या गाद्या आणि त्यावर ताडपत्री. नुसत्या ताडपत्रीनं गार अडत नाही, पाणी अडतं. झाडाखाली लावू नका, फांदी मोडली तर गारांपेक्षा मोठं नुकसान होतं. फोनवर ‘दामिनी’ ॲप ठेवा. ते विजेसाठी आहे, पण वीज कडाडणारा ढग आणि गारांचा ढग बहुतेक वेळा एकच असतो. गारा पडत असताना बाहेर पळू नका. छत दुरुस्त होतं.

विम्याचं आत्ताच बघा. नुसता थर्ड पार्टी असेल तर गारांचे पैसे मिळत नाहीत, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा लागतो, त्यात गारपीट येते. छतावरचं सोलर, एसी, हॅच (छतातली उघडणारी खिडकी) हे पॉलिसीत वेगळं नोंदवलेलं आहे का ते वाचा, नाहीतर ‘हे गाडीबरोबर आलेलं नाही’ असं ऐकून घ्यावं लागतं. फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के आणि रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर काही कापत नाहीत. छतावरची ॲक्रिलिकची हॅच काचेसारखी दिसली तरी प्लॅस्टिकच. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापण्याची जोड, घेतलेलं असेल तर ही कटकट बरीच वाचते. नुकसान किरकोळ असेल तर आधी नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, हिशेब करा. दावा केला की बोनस जातो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असू शकतो.

गारा थांबल्या की पहिल्या अर्ध्या तासात फोटो. गार वितळते, पुरावा वितळतो. दोन-चार गारा मोजपट्टीशेजारी ठेवून फोटो घ्या, मग गाडी चारही बाजूंनी, आजूबाजूची झडलेली बागही. फुटलेल्या हॅचचे तुकडे पिशवीत जपून ठेवा. कंपनीला लगेच कळवा. नुकसान मोजणारा विम्याचा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत कायमची दुरुस्ती करायची नाही. पाणी आत जाऊ नये म्हणून तात्पुरतं झाकायला कुणी हरकत घेत नाही, उलट ते करायलाच हवं.

सर्व्हेअरला दोन-चार दिवस लागले तरी चिडू नका. ते दिवस वाळवणीचे आहेत. मला त्या वेळी हेच कळलं नव्हतं, मला घाई होती.

आता वर चढा, पण ओल्या छतावर नाही. सांगाड्याच्या पट्ट्यांवर फळी टाकून तिच्यावर गुडघे टेका, मधल्या भागात पाय दिला तर गारांनी केलं नाही ते तुम्ही कराल. सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा रात्री टॉर्च आडवा धरून बघा, भर दुपारी पोचे दिसत नाहीत. सापडेल तिथं खडूनं गोल करा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरचा पोचा दिसायला वाईट, पण पत्रा फाटला नसेल तर गळत नाही, त्याच्यामागं आधी लागू नका. फायबरवर मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे शोधा. आणि सगळ्यात नीट बघायची जागा म्हणजे हॅचच्या चौकटीची कड, एसीची कड, सोलरचे पाय, प्रत्येक स्क्रू. गारेचा दणका बसला की जुनं कडक झालेलं सीलंट तिथं सुटतं. डोळ्याला केसाएवढी रेघ दिसते आणि पाणी आतल्या पट्टीवरून वाहत दोन-तीन फूट लांब जाऊन बसतं. म्हणून आतला डाग आणि बाहेरची चीर एका जागी सापडत नाही. हॅच पुसायला पेट्रोल, थिनर, स्पिरिट काहीही वापरू नका, ॲक्रिलिक तडकतं. साबणाचं पाणी पुरे.

आणि आता मुख्य काम, वाळवणं. बाहेरून छत दोन तासांत खडखडीत होतं. त्याला वाळणं म्हणत नाहीत. पाणी पत्रा आणि प्लायच्या मध्ये, फोममध्ये बसलेलं असतं. वरची चीर बंद केली की दिवसा उन्हात त्याची वाफ होते, रात्री तीच थंड पत्र्याच्या खालच्या अंगाला पाणी होऊन परत प्लायवर येते. रोज हेच चालतं, बाहेर जायला वाट नसते. मी हे दाजींना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पावणं, ओला माल आपण कधी पेटीत भरतो का?” बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर १५-२० दिवस हवा खेळवल्याशिवाय ज्या घरात मालाला हात लागत नाही, तिथंच माझी गाडी उभी होती.

तेव्हा आतून उघडा. छतातले दिवे काढा, हॅचची आतली चौकट काढा, जिथं दाबल्यावर मऊ लागतं तिथलं प्लायचं पॅनेल उतरवा. चांगलं पॅनेल उतरवायला जीव होत नाही, तरी उतरवा. सगळी दारं-खिडक्या उघडी, भोकांकडं तोंड करून टेबल फॅन. हीट गन नको, फोम आकसतो आणि चिकटवलेलं सुटतं. आपल्याकडचं एप्रिलचं कोरडं ऊन फुकट आहे, त्याचा उपयोग करा. ताडपत्री दिवसभर आवळून ठेवू नका, तिच्याखाली घाम धरतो. मध्ये बांबू टाकून ती उंच करा, हवा जाऊ द्या. ढग आले की बांधा, गेले की सोडा. हे दिवसातून दोनदा करावं लागेल, कंटाळा येईल, करा.

वाळलं की नाही हे हातानं ठरवायचं नाही. लाकडात दोन पिना टोचून ओलावा सांगणारं मीटर मिळतं, ते घ्या. आकडे वहीत लिहा, रोज त्याच जागी टोचा. २० टक्क्यांच्या वर प्लाय कुजायला लागतं, १५ च्या खाली येऊन तीन-चार दिवस तिथंच थांबलं की वाळलं. त्याआधी सर्व्हेअर येऊन गेला असेल, गॅरेजवाला ‘आजच करून टाकू’ म्हणत असेल, घरचे सुट्टीची तारीख विचारत असतील, तरी बुजवायचं नाही. जून तोंडावर आला म्हणूनही नाही. शेडमध्ये उघडी उभी असलेली गाडी कुजत नाही, बंद करून ठेवलेली ओली गाडी कुजते.

मग बुजवणं. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, त्यावर रंगही धरत नाही आणि दुसरं सीलंटही नाही. चौकटीखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), कडेनं पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट. ओल्या जागेवर पीयू लावलं तर बुडबुडे धरून फुगतं, म्हणजे पुन्हा तेच, वाळलेलं हवं. फायबरचे तडे घासून त्यावर फायबरग्लासची मॅट आणि रेझिन लावा.

सोलर पॅनेलची काच शाबूत आहे म्हणून सोडू नका. त्यांची चाचणी साधारण २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्यानं, सेकंदाला २३ मीटर वेगानं होते. लिंबाएवढी गार त्याहून मोठी. आतले सेल तडकलेले डोळ्याला दिसत नाहीत. भर दुपारी करंट मोजून जुन्या आकड्याशी ताडून बघा.

रंग, पोचे, आतलं पॅनेल नंतर, सवडीनं. पाइपनं पाणी मारून एकदा तपासा. पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी त्याच जागांवर पुन्हा मीटर टोचा, आणि ऑगस्टमध्ये आणखी एकदा.