डबीवर तारीख घाला: जॅम बँडची मैफल टिपायला निघण्यापूर्वी

जॅम बँडचं रेकॉर्डिंग करायचंय, काय काय घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी एक खिशात मावणारी वही आणि दोन पेनं सांगतो. दोन अशासाठी, की एक अंधारात खुर्चीखाली जातंच. विचारणारा हिरमुसतो, कारण त्याला मायक्रोफोनची नावं हवी असतात. ती पुढे येतील. पण पुण्याला माझ्या काकांच्या कपाटात साठेक कॅसेटी होत्या, घरगुती बैठकींना मांडीवर रेकॉर्डर ठेवून भरलेल्या. त्यातल्या एकीच्या डबीवर त्यांच्या अक्षरात एवढंच लिहिलंय: 'पूरिया. फार सुंदर.' आणि खरंच फार सुंदर आहे. फक्त कोण गातंय, कुठे, कोणत्या साली, तबल्यावर कोण, हे सांगायला आता काका नाहीत. अमेरिकेत आल्यावर मी जॅम बँडच्या मैफली रेकॉर्ड करणाऱ्या हौशी टेपवाल्यांच्या नादाला लागलो आणि पहिल्यांदा कळलं, की हेच काम लोक किती नीट करतात.

जॅम बँड म्हणजे काय, हे आपल्या माणसाला फार समजवावं लागत नाही. बंदिश तीच, पण आजची बढत उद्या नाही. कार्यक्रमात काय वाजणार ते आधी जाहीर होत नाही आणि चार मिनिटांचं गाणं पंचवीस मिनिटं चालू शकतं. कॅलिफोर्नियात १९६५ साली सुरू झालेला ग्रेटफुल डेड हा या घराण्याचा मूळपुरुष. १९९५ मध्ये त्यांचा गिटारवादक जेरी गार्सिया गेला तोवर त्यांचे दोन हजारांच्या वर कार्यक्रम झाले आणि त्यातले बहुतेक कुणी ना कुणी टेपवर धरून ठेवलेत. (त्यांचा ढोलवाला मिकी हार्ट अल्लारखाँसाहेबांकडे ताल शिकला. डेड अकरा मात्रांत शिरतात तेव्हा मला उगाच घरचं वाटतं.) त्यानंतर १९८३ मध्ये व्हरमाँटात सुरू झालेला फिश. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांनी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा रात्री वाजवलं आणि एकही गाणं दुसऱ्यांदा घेतलं नाही. अशा बँडची एखादी रात्र निसटली तर ती निसटलीच.

वहीनंतर परवानगी. हे तिकीट काढण्याआधी बघायचं, दारात उभं राहून नव्हे. प्रत्येक बँडचा नियम वेगळा असतो. डेडच्या कार्यक्रमांत मायक्रोफोनच्या काठ्यांचं इतकं रान माजलं, की मिक्सरवर, म्हणजे आवाज जुळवणाऱ्या यंत्रावर, बसलेल्यांना रंगमंच दिसेना. मग २७ ऑक्टोबर १९८४ ला बर्कलीच्या कम्युनिटी थिएटरात मिक्सरच्या मागे टेपवाल्यांसाठी वेगळी जागा राखली गेली. फिशकडेही टेपवाल्यांचं वेगळं तिकीट असतं. साध्या तिकिटावर स्टँड घेऊन गेलात तर परत गाडीत ठेवून यावं लागेल. ज्यांचा नकार आहे त्यांच्याकडे जाऊन ऐका, नाचा, घरी या. लपवून नेलेल्या मायक्रोफोनमध्ये अर्धा वेळ तुमच्याच शर्टाची सळसळ येते, शिवाय एकाच्या चोरीपायी सगळ्यांची परवानगी जाऊ शकते. आणि पैसा कुठेच नाही, हा या सगळ्याचा पाया. प्रत द्यायची, विकायची नाही. कोऱ्या सीडीचे आणि टपालाचे पैसेसुद्धा मी घेत नाही, पण तो माझा हट्ट.

आता सामान. एका जोडीचे दोन मायक्रोफोन, त्यांना जोडणारी आडवी पट्टी, उंच स्टँड, दोन केबल आणि तिसरी जास्तीची, रेकॉर्डर, हेडफोन. मायक्रोफोन कुठले, यावर भांडणं होतात; त्यांत मी पडत नाही. कुठले का असेनात, ते कसे लावता याला जास्त किंमत आहे. फ्रेंच रेडिओवाल्यांची एक पद्धत आहे: दोन मायक्रोफोनच्या तोंडांत १७ सेंटिमीटर अंतर आणि मधला कोन ११० अंशांचा. कानांच्या जवळपास जाणारी मांडणी, म्हणून हेडफोनवर ऐकताना आपण तिथे उभे आहोत असं वाटतं. अंधारात कोनमापक लावत बसता येत नाही. मी घरीच पुठ्ठ्याचा एक तुकडा त्या मापात कापून ठेवलाय, तो पट्टीवर धरायचा, मायक्रोफोन त्याला टेकवायचे, स्क्रू आवळायचे. खर्च शून्य. स्टँड पुढच्या माणसाच्या डोक्यापेक्षा बराच वर हवा, पण मागच्याचं दिसणं अडवेल इतका नको. पाय जमिनीला कापडी चिकटपट्टीने चिकटवा, कारण दुसऱ्या सेटमध्ये कुणीतरी नाचत येऊन त्यावर आदळतंच. उघड्यावर असेल तर मायक्रोफोनला केसाळ टोप्या लागतात. कोलोरॅडोतल्या रेड रॉक्ससारख्या ठिकाणी वारा सुटला की साध्या स्पंजाचं काही चालत नाही, सगळा बास भुरभुर वाजतो.

आवाजाची पातळी हा पूर्वी धसक्याचा विषय होता. पहिलं गाणं हळू म्हणून काटा वर घ्यावा आणि दुसऱ्याला ढोल फाटावेत. हल्लीच्या ३२ बिट फ्लोट रेकॉर्डरमध्ये ती चूक घरी येऊन दुरुस्त करता येते, पण मायक्रोफोनच जर आवाजाने गुदमरला तर तिथे कुठलंच मशीन काही करू शकत नाही. साध्या २४ बिटवर काम करत असाल तर सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि मग हात लावू नका. सतत कमीजास्त करणारा टेपवाला ऐकताना लगेच ओळखू येतो.

कार्ड आणि वीज यांचा हिशेब कागदावर करा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, दोन चॅनल म्हणजे तासाला साधारण एक जीबी. साडेतीन तासांच्या कार्यक्रमाला चार जीबी लागतील म्हणून चारचंच कार्ड नेऊ नका. २००० साल उजाडताना फ्लोरिडातल्या बिग सायप्रसला फिशने मध्यरात्रीपासून सूर्य वर येईपर्यंत वाजवलं, जवळजवळ साडेसात तास. त्या वेळी डॅटच्या, म्हणजे डिजिटल टेपच्या, छोट्या कॅसेटी होत्या, दोन-तीन तासांत संपणाऱ्या, आणि त्या बदलायला माणूस जागा हवा. आज तेवढा त्रास नाही. तरी दोन कार्डं, घरून पूर्ण भरलेली एक पॉवरबँक आणि रेकॉर्डरमध्ये ताज्या बॅटऱ्या. वापरलेल्या बॅटऱ्या एका खिशात, नव्या दुसऱ्या. हे खिसे कायमचे ठरवून टाका.

बाकी किरकोळ: कानात घालायचे बोळे, छोटी टॉर्च, लाल उजेडाची असेल तर शेजारी शिव्या देत नाहीत, पाणी, स्वेटर.

जागेवर दार उघडायच्या वेळी पोचा. मिक्सरच्या रेषेत, शक्यतो मधोमध. शेजारच्या टेपवाल्याशी ओळख करून घ्या, ही औपचारिकता नाही. पूर्वी एकाच्या डेकमधून दुसऱ्याच्या, त्याच्यातून तिसऱ्याच्या अशा तारा ओढून दहा-दहा लोक एकाच मायक्रोफोन जोडीवर टेप भरत. आजही कुणी लाइन मागितली तर द्या, त्यासाठी एक केबल पिशवीत असू द्या. तुमचं मशीन बंद पडलं तर तोच माणूस तुम्हाला ती रात्र परत देणार आहे. आणि स्टँडखाली उभं राहून बोलायचं नाही, शिट्टी मारायची नाही, टाळ्या वाजवायच्याच तर बाजूला सरकून. एका उत्तम रेकॉर्डिंगमध्ये मीच शेजाऱ्याला पार्किंगचा भाव विचारताना ऐकू येतो. ते पुसता येत नाही.

बटण दाबल्यावर आकडे पुढे सरकताहेत का ते बघा. नुसता लाल दिवा बघू नका. एकदा माझा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे मशीन तयार होतं पण चालू नव्हतं. पहिला सेट, सत्तर मिनिटं, मी समाधानाने डोलत होतो.

कार्यक्रम चालू असताना वही. गाणी क्रमाने, ओळखू आलं नाही तर प्रश्नचिन्ह, एकातून दुसऱ्यात न थांबता गेले तर मध्ये बाण. मायक्रोफोन कुठले, कसे लावले, रंगमंचापासून किती लांब, मध्ये काय झालं: वीज गेली, पाऊस आला, पाहुणा वादक आला. घरी लिहीन म्हटलंत की संपलं.

घरी पोचल्यावर झोपण्याआधी कार्डाच्या दोन ठिकाणी दोन प्रती. कार्ड आठवडाभर पुसू नका. काटछाट शांतपणे दुसऱ्या दिवशी करा, आणि कमी करा: सुरुवातीची नि शेवटची कुजबुज हळूहळू मावळू द्या, गाणी वेगळी करा, बस. बास वाढवणं, चकाकी आणणं हे ऐकणाऱ्याला त्याच्या घरी करू द्या. सीडीसाठी तुकडे करत असाल तर ४४.१ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने) प्रत्येक तुकडा ५८८ नमुन्यांच्या पटीत संपायला हवा, म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. नाहीतर सलग वादनात गाणं बदलताना टिक असा खटका येतो. वाटायची प्रत फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइलमध्ये. एमपीथ्री नाही. ती प्रवासात ऐकायला ठीक, पण ती परत कुणी मोठी करून पुढे दिली, की कुठे काय गळलं ते कानाला कळायला फार उशीर होतो. कॅसेटच्या काळात प्रतीची प्रत, तिची प्रत असं होत होत खरखरच उरायची. तो रोग आता नाही, तर नवा कशाला आणा? सोबत चेकसमची फाइल ठेवा, म्हणजे प्रत जशीच्या तशी उतरली की नाही ते दहा वर्षांनीही तपासता येईल.

आणि मजकुराची फाइल. बँड, तारीख, सभागृह, गाव, मायक्रोफोनपासून फ्लॅकपर्यंत आवाज कुठकुठल्या यंत्रांतून गेला ती सगळी वंशावळ, गाण्यांची यादी, तुमची टिपणं. फोल्डरच्या नावात आधी बँडची दोन-तीन अक्षरं, मग वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने. महिना आधी लिहिलात तर मे महिन्याच्या सगळ्या रात्री एकमेकींच्या मांडीवर बसतील. ८ मे १९७७ ला कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये डेडनी वाजवलं ते त्यांची ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सनने मिक्सरवरून टेपवर घेतलं. पुढे तिच्या टेप भाड्याच्या गोदामात राहिल्या, भाडं थकलं आणि १९८६ मध्ये लिलावात गेल्या. ज्यांनी त्या उचलल्या त्यांना ही कुठली रात्र ते कळलं, म्हणूनच ती हातोहात फिरली. २०११ च्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती राष्ट्रीय ठेव्यात घेतली आणि बँडकडून अधिकृत तबकडी निघाली २०१७ मध्ये. चाळीस वर्षं ती प्रेमिकांच्या प्रतींवर जगली.

चढवायचं कुठे, तर ज्या बँडांनी होकार दिलाय त्यांच्यासाठी इंटरनेट आर्काइव्हचा मैफलींचा विभाग २००२ पासून आहे. तिथेही सगळं सरसकट चालत नाही: २००५ मध्ये डेडच्या मिक्सरवरून घेतलेल्या प्रती उतरवून घेणं बंद झालं, ऐकणं चालू राहिलं, प्रेक्षकांतून केलेली रेकॉर्डिंगं मात्र आरडाओरड झाल्यावर पुन्हा खुली झाली. म्हणून चढवण्याआधी बँडचा नियम पुन्हा एकदा वाचा.

जुन्या कॅसेटींचं खोकं कुणी दिलं तर घाई नको. एकेक टेप आधी पूर्ण पुढे पळवून मागे आणा, डेकचं हेड साफ करा, डॉल्बी (टेपची खरखर कमी करायची सोय) लावून भरली होती की नाही ते डबीवर बघा, आणि उतरवायला लागण्याआधी डबीचा, आतल्या कागदाचा, टेपवरच्या चिठ्ठीचा फोटो घ्या. काकांची ती कॅसेट मी अशीच उतरवली. तारीख माहीत नसेल तर इथले लोक त्या जागी एक्स-एक्स लिहितात, तसंच मीही लिहिलंय: वर्ष एक्स, महिना एक्स, दिवस एक्स. गायक, प्रश्नचिन्ह. स्थळ, पुणे, पुढे प्रश्नचिन्ह. टिपणांत एकच ओळ आहे, जशी डबीवर होती तशी.