हिंक्स्टनला येणाऱ्या मराठवाड्याच्या लेकरांसाठी

परभणी, लातूर, नांदेडहून जीनोमिक्समध्ये, म्हणजे सजीवांच्या सगळ्या जनुकांच्या अभ्यासात, पीएचडी किंवा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करायला इकडे इंग्लंडला निघालेल्या लेकरांनो, आधी राहण्याचं बघा. सँगर इन्स्टिट्यूट आणि ईबीआय (युरोपची जैव-माहिती संस्था) या जीनोमवर काम करणाऱ्या संस्था केंब्रिज शहरात नाहीत, दक्षिणेला हिंक्स्टन गावात आहेत. शहरातलं घरभाडं झेपत नाही, म्हणून सॉस्टन, सॅफ्रन वॉल्डनकडेही खोली शोधा. डिसेंबरात चारलाच अंधारतं, त्याची सवय होते.

क्लस्टरचं, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचं, लॉगिन मिळालं की मोठी कामं लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथून आत शिरतात त्या संगणकावर, चालवू नका, सगळ्यांचं अडतं. रांगेत लावा. पाइपलाइन (विश्लेषणाच्या पायऱ्यांची साखळी) चालवण्याआधी नमुन्यांचा तक्ता नीट बघा. रुग्णांचे सगळे नमुने एका खेपेत आणि निरोगी माणसांचे दुसऱ्या खेपेत सीक्वेन्स झाले (त्यांचा डीएनए वाचला गेला) असतील, तर दिसणारा फरक आजाराचा की खेपेचा, हे नंतर कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही. जनुकांची यादी एक्सेलमध्ये तर उघडूच नका. ‘मार्च१’ या जनुकाची तिथं १ मार्च तारीख होते. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीनंच अशा जनुकांची नावं बदलली.

आता महत्त्वाचं. आपली पोरं भिडस्त. प्रयोगशाळेतला कुणी येतो, ‘एवढं विश्लेषण करून दे’ म्हणतो, आपण मान डोलावतो. त्यात सहा महिने जातात आणि पेपरवर नाव मधे कुठंतरी येतं. पुढच्या नोकरीला मात्र पहिलं नाव किती ठिकाणी, हेच बघतात आणि पोस्टडॉकचा करार असतो दोन-तीन वर्षांचा. म्हणून काम घेतानाच नाव कुठं येणार ते विचारा, ईमेलवर लेखी घ्या. इथं त्याला कुणी आगाऊपणा म्हणत नाही.

आणि स्वतःचा एक प्रश्न जवळ ठेवा, नाहीतर जन्मभर दुसऱ्याचेच आकडे सोडवाल. आपली तूरच घ्या. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या पुढाकारानं ‘आशा’ वाणाच्या जीनोमचा आराखडा २०१२ मध्ये छापून आला, त्यात ४८ हजारांवर जनुकं आहेत. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं तुरीच्या मर आणि वांझ रोगांना दाद न देणारे वाण काढले. ती ताकद कोणत्या जनुकांत आहे, यावर अजून खूप काम करता येईल. निघण्याआधी बदनापूरला एक चक्कर मारा, तिथल्या पैदासकारांना भेटा. कोणतं पीक कुठं मार खातं, ते त्यांच्याइतकं इथं कुणालाच ठाऊक नाही.